ढाकेआधी पट

आदरणीय वस्ताद,



तालमीतल्या बारा-चौदा वर्षांच्या पोरांना यंदा ढाक आणि कलाजंग शिकवायचा तुमचा विचार आहे, असं कळलं. माझी विनंती आहे, तो लांबवा. पहिली दोन वर्षं पवित्रा, पट, पटाचा बचाव आणि भारंदाज एवढंच घोटून घ्या. मॅटवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीचा हिशोबच तसा आहे. समोरच्याचे पाय धरून पट काढला आणि कब्जा घेतला की दोन गुण. मग खालच्या गड्याच्या कमरेला मिठी घालून भारंदाज मारला, की प्रत्येक फेरीला आणखी दोन. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते, म्हणजे एक पट आणि चार भारंदाज पुरतात. पंधरा वर्षांखालच्या पोरांना दोन-दोन मिनिटांचे दोनच भाग मिळतात. तेवढ्यात हुकलेली ढाक फार महाग पडते, कारण गडी कमरेवरून फेकताना पकड सुटली की पाठ समोरच्याच्या हाती जाते आणि त्याला कब्जा फुकटात मिळतो. पटाचंही सोपं नाही म्हणा. पोरं कमरेत वाकतात, मान खाली घालतात आणि तशीच दाबली जातात. वाकायचं गुडघ्यात; पाठ ताठ, नजर वर, डोकं समोरच्याच्या बरगडीला भिडलेलं आणि मागचा पाय लगेच पुढं आलेला. हे अंगात मुरायला महिने लागतात, आणि ते महिने द्यायला हवेत.

तुम्ही म्हणाल, खाशाबा जाधवांची ढाक नावाजलेली होती. होतीच. पण 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, कुस्ती लहानपणापासून घरातच होती आणि 1948च्या लंडन ऑलिंपिकमधला मॅटचा अनुभव पाठीशी होता. त्यांची ढाक पक्क्या पायांवर उभी होती. आपल्या पोरांचे पाय अजून पक्के व्हायचे आहेत. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: जत्रेच्या फडात गुण कोण मोजतो, तिथं चीतपटच लागते. खरं आहे. पण कलाजंग म्हणजे तरी काय? हात धरून खाली शिरायचं, मांडीत हात घालायचा आणि गडी खांद्यावर घ्यायचा. हे शिरणं पटातलंच आहे. ज्याला पट येतो त्याला कलाजंग लवकर उमगतो. ज्याला येत नाही तो समोरच्याचं सगळं वजन मानेवर घेतो, आणि या वयातली मान जपायची जबाबदारी आपली आहे. एकच गोष्ट घोटून पोरं कंटाळतील, ही भीतीही रास्त आहे. म्हणून पट नुसता जोडीदाराला उभा करून घोटू नका, झटापटीत घोटा: एकानं शिरायचं, दुसऱ्यानं पाय मागं फेकून छातीचा भार त्याच्या पाठीवर टाकायचा, मग पाळी बदलायची. यात दोघंही सारखे गुंततात, आणि बचाव तर आपल्याकडे फार कमी शिकवला जातो. जिल्ह्याच्या निवड चाचणीआधी निदान रोजचा पहिला अर्धा तास एवढ्यालाच द्यावा.