दोन भाषांच्या शाळेंत एक आठवडा

सहामाही परीक्षा आटोपल्यावर आमच्या हायस्कुलास जोडलेल्या प्राथमिक विभागांतील एक बाई आठवडाभर रजेवर गेल्या, आणि त्यांचा तिसरीचा वर्ग आमच्या हवालीं झाला. आम्ही वरच्या वर्गांस मराठी शिकवितों. आठ वर्षांच्या मुलांशीं आमचा संबंध घरच्या पुतण्या-भाच्यांपलीकडे आलेला नव्हता. वाचकांपैकीं पुष्कळ जण याच विभागांतून वर आलेले आहेत. त्यांस पुढील हकीकतींत अपूर्व असें फारसें कांहीं आढळणार नाहीं. परंतु जें रोज डोळ्यांसमोर असतें तें सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं, म्हणून हा खटाटोप.

आमची शाळा सोलापूरची. माध्यम मराठी, पण गणित मात्र पहिलीपासून इंग्रजींत. या व्यवस्थेस 'सेमी इंग्लिश' असें नांव रूढ झालें आहे. महाराष्ट्रांतील सर्व शाळांतून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविण्यास इ.स. २००० मध्यें आरंभ झाला, आणि पुढें गणितही त्याच भाषेंत असावें अशी इच्छा पालक स्वतःच बोलून दाखवूं लागले. कागदोपत्रीं म्हणून आमची शाळा दोन भाषांची. प्रत्यक्षांत वर्गांतील चाळीस मुलांपैकीं निम्म्याहून अधिक मुलें शहराच्या पूर्व भागांतून येतात, आणि त्यांच्या घरीं बहुधा तेलुगू बोलतात. कांहींच्या घरीं कन्नड, तर कांहींच्या घरीं दखनी. बाप यंत्रमागावर टॉवेल किंवा चादरी विणतो, आई विड्या वळते. गल्लींतली मराठी या मुलांस उत्तम येते. पुस्तकांतली मराठी ही त्यांस इंग्रजीइतकीच नवी असते, हें आम्हांस त्या आठवड्यांत कळून आलें.

सोमवार नांवें पाठ करण्यांतच गेला. मंगळवारीं आम्हीं सहज म्हणून अंकलेखन घेतलें. शाळेचा शिरस्ता असा कीं, गणिताच्या तासाला संख्या इंग्रजींत बोलावयाच्या व इंग्रजी अंकांत लिहावयाच्या. परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत मात्र सारे अंक देवनागरी. आम्ही पडलों मराठीचे शिक्षक. आम्हीं मराठींतच संख्या सांगितल्या. 'पंचवीस' म्हटलें, कित्येकांनीं ५२ लिहिले. 'त्रेसष्ट' म्हटलें, ३६ लिहिले. 'एकोणसाठ' म्हणतांच निम्मा वर्ग आमच्याकडे पाहत राहिला. विचार करूं जातां दोष मुलांचा दिसेना. मराठींत एकक आधीं उच्चारतात व दशक मागून. इंग्रजींत वीसच्या पुढें दशक आधीं. 'एकोणसाठ' या नांवांत तर पांचही नाहीं आणि नऊही नाहीं. साठांस एक उणा, एवढेंच तें सांगतें. शिवाय रूपांचा घोटाळा निराळाच! देवनागरी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो, आणि देवनागरी चार हा इंग्रजी आठासारखा. एका मुलानें बेरजेंत स्वतःच लिहिलेला चार खालच्या ओळींत आठ म्हणून वाचला. त्याची बेरीज त्याच्या वाचनाप्रमाणें बरोबरच होती.

याच नांवांवरून इ.स. २०१९ मध्यें केवढें वादळ उठलें होतें, तें अनेकांस स्मरत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'एकवीस' याच्या जोडीला 'वीस एक', 'त्रेसष्ट' याच्या जोडीला 'साठ तीन' अशीं नांवें सुचविलीं होतीं. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर या होत्या. भाषेचा खून झाला येथपर्यंत लोकांची मजल गेली. आमचें मन आजही जुन्या नांवांकडेच ओढतें. 'त्रेसष्ट' हा शब्द कानाला गोड लागतो, आणि जिभेला थोडे श्रम पडले तर पडोत. परंतु ज्याच्या घरीं मराठी बोलतच नाहींत अशा मुलाचा विचार त्या वादांत कोणी मांडलेला निदान आमच्या वाचनांत आला नाहीं.

हें मनांत येण्याचें कारण मागच्या बाकावरील एक मुलगी. बाईंनीं आमच्यासाठीं एक यादी ठेवली होती. तींत गणितांत कच्च्या असलेल्या सहा मुलांचीं नांवें होतीं व तिचें नांव सर्वांत वर होतें. तिच्या मराठी अंकलेखनांत वीसपैकीं अकरा चुका निघाल्या. बुधवारीं त्याच वीस संख्या आम्हीं क्रम बदलून इंग्रजींत सांगितल्या. ज्या मुलांच्या घरीं मराठी बोलतात, त्यांतलीं कित्येक अडखळलीं. या मुलीची एकही चूक झाली नाहीं. तिच्या शेजारच्या मुलास आम्हीं विचारलें, "तुम्ही घरीं पंचवीसला काय म्हणतां?" तो म्हणाला, "इरवै ऐदु." वीस पांच! कन्नड बोलणारा एक जण पुढून ओरडला, "इप्पत्तैदु!" तेंही वीस पांचच. म्हणजे या मुलांच्या घरची मोजणी इंग्रजीच्या वळणानें चालते, आणि मधली मराठी तेवढी उलट्या दिशेनें येते. वर्गांतील तीन भाषांपैकीं वेगळी चाल आमचीच निघाली, हें ऐकून मराठी घरचीं मुलें मोठ्यानें हसलीं.

त्याच दिवशीं प्रार्थनेनंतर प्रतिज्ञा झाली. ती एक दिवस मराठींत आणि एक दिवस इंग्रजींत म्हणण्याचा येथें प्रघात आहे. वर्गांत आल्यावर आम्हीं सांगितलें कीं, ही प्रतिज्ञा मुळांत इ.स. १९६२ मध्यें तेलुगूंत लिहिली गेली, आणि लिहिणारे पैडिमर्री वेंकट सुब्बाराव हे त्या वेळीं विशाखापट्टणम येथें कोषागार अधिकारी होते. वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. तीन दिवस तोंड न उघडलेली ती मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या तेलुगूंत?" आम्हीं होय म्हटलें. ती खालीं बसली. पण बसतांना तिनें शेजारणीकडे पाहिलें तें मोठ्या ऐटीनें.

गुरुवारीं मात्र सारें गाडें अडलें. गणिताचीं शाब्दिक उदाहरणें होतीं, अर्थात् इंग्रजींत. टोपलींत त्रेचाळीस आंबे, त्यांतले अठरा विकले, 'हाउ मेनी आर लेफ्ट?' पहिलीपासून मुलांस 'लेफ्ट' म्हणजे डावा हें पक्कें पढविलेलें. एकानें आंब्यांची टोपली काढून तिच्या डाव्या बाजूस बाण दाखविला. आमच्या मुलीनें कांहींच लिहिलें नाहीं. आम्हीं मराठींत सांगितलें, "शिल्लक किती राहिले?" 'शिल्लक' या शब्दाशींही तिची ओळख नसावी. तेवढ्यांत शेजारचा मुलगा कुजबुजला, "एन्नि मिगिलायि?" आणि तिनें ताबडतोब पंचवीस लिहिले. वर्गांत मराठी वा इंग्रजीखेरीज बोलूं नये असा नियम भिंतीवर टांगलेला आहे. आम्हीं त्या घटकेपुरती भिंतीकडे पाठ केली.

शुक्रवाराविषयीं विशेष लिहिण्यासारखें नाहीं. पाऊस नसतांना गळणारी पाण्याची टांकी, दोन भांडणें, एक हरवलेली चप्पल. मधल्या सुट्टींत पोषण आहाराची खिचडी होती. ती खातांना चारही भाषा एकदम चालतात आणि कोणाचें कांहीं अडत नाहीं.

शनिवारची शाळा सकाळची. सुटल्यावर त्या मुलीची आई आली. बोटें तंबाखूनें काळवंडलेलीं. "सर, हिला गणित येत नाही म्हणतेत. शेजारची बाई म्हणती पुरं इंग्लिशमध्ये घाला, हिचा बाप म्हणतो नुसत्या मराठीत घाला. काय करावं सांगा की." हा प्रश्न मोठमोठ्या समित्यांपुढेंही आलेला आहे. आम्हीं तिच्यापुढें मंगळवारचें, बुधवारचें व गुरुवारचें अशीं तीन पानें उघडून ठेवलीं. तिला अक्षर ओळखतां येत नव्हतें; पण विड्यांची मजुरी हजाराच्या हिशेबानें मिळते, तेव्हां मोजण्यांत तिला कोण फसविणार? बुधवारच्या पानावरील लाल खुणांवरून तिनें बोट फिरविलें आणि ओठांतल्या ओठांत तेलुगूंत वीसपर्यंत मोजलें. मग मुलीच्या पाठीवर हलकेच एक चापट मारून तिनें विचारलें, "मग यादीत नाव कशाला?"

सोमवारीं बाई रजेवरून परत आल्या. आम्हीं तीं पानें खूण घालून त्यांच्यापुढें ठेवलीं व झालेलें सारें सांगितलें. त्यांनीं बराच वेळ तीं पाहिलीं. मग यादी काढून वरच्या नांवावर रेघ ओढली आणि उरलेल्या पांच मुलांस पुढें बोलावून विचारलें, "तुमच्या घरीं पंचवीसला काय म्हणतात?"