एका पौर्णिमेच्या दोन यात्रा

माघी पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातील कचारगडावर यात्रा भरते, हे पूर्व विदर्भातील वाचकांना सांगावयास नको. हावडा-मुंबई लोहमार्गावरील दरेकसा या लहानशा स्थानकावर त्या दिवसांत उतरणाऱ्यांची रीघ लागते. पिवळ्या पताका, ढोल आणि ‘जय सेवा’चा घोष यांच्या सोबतीने सालेकसा तालुक्यातील त्या डोंगराची वाट माणसांनी भरून जाते. फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की पुष्कळ वर्षी त्याच चंद्राखाली, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, अलिबागजवळील सागाव-खंडाळ्याच्या एका कातळाशी मराठी बोलणारे ज्यू जमलेले असतात. हिब्रू पंचांगातील शेवाट महिन्याची ती पंधरावी तिथी, म्हणजे झाडांचे नववर्ष. प्रेषित एलियाहू याच ठिकाणाहून स्वर्गाला गेला आणि त्याच्या घोड्यांच्या टापा कातळावर उमटल्या, अशी कोकणातील बेने इस्राएल समाजाची श्रद्धा आहे. जागेला ते साध्या मराठीत ‘एलियाहू हानावीचा टापा’ म्हणतात.

२०२६ साली माघी पौर्णिमा १ फेब्रुवारीला होती आणि त्याच दिवशी सूर्यास्ताला शेवाटची पंधरावी तिथी लागली. २०२४ साली मात्र दोहोंत एक महिन्याचे अंतर पडले, कारण आपला अधिक श्रावण २०२३ मध्येच येऊन गेला होता आणि ज्यूंचा अधिक महिना शेवाटनंतर यावयाचा होता. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरून चंद्र-सूर्याचा मेळ घालण्याची युक्ती दोन्हीकडे आहे. यावरून कोणी ‘मूळ एकच’ असा शोध लावू नये. तशा शोधांचा आम्हांला कंटाळा आहे.

आम्ही ना गोंड, ना ज्यू. या जिल्ह्यात साहित्य शिकविण्यात आयुष्य गेले. ज्यू धर्मविचाराकडे वळलो ते वडील गेल्यानंतर. तेरा दिवस घर माणसांनी भरलेले होते, आणि येणारा प्रत्येक जण काही ना काही बोलत होता. आत्मा अमर आहे, सुटले बिचारे, वय झालेच होते. त्या बोलण्याने आम्ही इतके थकलो, की दुःख करावयास उसंतच मिळाली नाही. पुढे काही महिन्यांनी ज्यू शोकविधींवरील एक पुस्तक हाती आले आणि त्यातील एका नियमापाशी थबकलो. शोकगृही गेलेल्याने, शोकग्रस्त स्वतः बोलेपर्यंत, बोलू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याशेजारी जमिनीवर मुकाट बसले होते, त्या कथेचा आधार या नियमाला दिला जातो. (पुढे ते मित्र बोलू लागले आणि सगळे बिघडले, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल.) दफनानंतरचे पहिले अन्न शोकग्रस्ताने स्वतःच्या घरचे खावयाचे नाही, ते शेजाऱ्यांनी आणावयाचे, अंडी, मसूर असे गोल पदार्थ त्यात असतात. आपल्याकडील ‘कडू घासा’शी याचे नाते वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. आधी सात दिवस, मग तीस, आणि आईवडिलांसाठी वर्ष, अशी शोकाची उतरंड लावलेली आहे. त्या काळात म्हणावयाच्या ‘कद्दिश’ प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही. ती केवळ ईश्वराच्या नावाची स्तुती आहे, आणि ती म्हणावयास किमान दहा जण जमावे लागतात. शोक करणाऱ्याला एकटे राहू न देण्याची ही व्यवस्था आहे. ‘धीर धर’ असे तोंडी सांगण्यापेक्षा दहा माणसे गोळा करावयास लावणे अधिक शहाणपणाचे, असे आम्हांला त्या दिवसांत वाटले आणि अजूनही वाटते.

ज्यू शिकवणीतील मार्गदर्शन हे असे असते. ते मनाला उपदेश करीत नाही, हातापायांना काम देते. दानाला हिब्रूत जो शब्द आहे, ‘त्सदाका’, त्याचा धातू न्यायाशी निगडित आहे. देणारा उपकार करीत नसतो, देणे फेडीत असतो. बाराव्या शतकातील मायमोनिदीस याने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या आणि सर्वांत वरच्या पायरीवर, घेणाऱ्याला पुन्हा हात पसरावा लागू नये अशी तजवीज करणाऱ्याला बसविले. उसने देणे, भागीदारीत घेणे, काम मिळवून देणे, हे त्याच्या लेखी नुसत्या भिक्षेहून थोर.

पण हे झाले ग्रंथांतले. आमच्या मनात खरा प्रश्न निराळाच होता: ग्रंथ हाती नसेल तर काय उरते? त्याचे उत्तर बेने इस्राएलांच्या इतिहासात आहे, म्हणून त्यांच्याकडे अधिक वेळ थांबावयास हवे.

त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. शतकानुशतके हे लोक कोकणातील गावांत तेलाचा घाणा चालवीत राहिले. गावांवरून दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, पेणकर झाले. तालमूद त्यांच्याकडे नव्हता, हिब्रू जवळजवळ विसरली होती. उरले होते ते ‘शमा’ या प्रार्थनेचे शब्द, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, आणि शनिवार. त्या दिवशी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शब्बाथला वर्ज्य अशा एकोणचाळीस कामांची यादी तालमूदमध्ये आहे आणि फळ पिळणे, रस गाळणे यांस मळणीच्या कामात धरलेले आहे. या तेल्यांना ती यादी माहीत असण्याचे कारण नव्हते. तरीही आठवड्यातील एका दिवसाच्या मिळकतीवर पाणी सोडून त्यांनी नेमके तेच पाळले.

डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू त्यांच्यात आला, त्याची कथा हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाच्या इतिहासात नोंदविली आहे. (हा ग्रंथ त्यांनी १८९७ साली पुरा केला, छापला गेला तो १९३७ साली.) हे खरोखर आपले आहेत का, हे पाहण्यासाठी रहाबीने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी पर व खवले असलेले तेवढे वेगळे काढले, बाकीचे आम्ही खात नाही म्हणाल्या. त्याची खात्री पटली. कथेची ऐतिहासिकता तज्ज्ञांनी तपासावी. आम्हांला तिच्यातील निवाडा महत्त्वाचा वाटतो. पंडिताने पाठांतर विचारले नाही, स्वयंपाकघराची परीक्षा घेतली, आणि शतकांनंतरही तेथे धर्मशास्त्राचा एक नियम जिवंत सापडला.

पुढे एकोणिसाव्या शतकात छापखाना आला, तेव्हा या समाजाने ग्रंथ परत मिळविले ते मराठीतून. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. १८८०च्या सुमारास बायबलातील आख्यानांवर कीर्तने सुरू झाली, निरूपणासह आणि अभंग-ओव्यांच्या चालींवर. मराठी साहित्याच्या इतिहासात या कीर्तनांना एक परिच्छेदही मिळू नये, ही आपल्या अभ्यासक्रमांची कंजुषी होय.

आता कचारगड. गोंडी परंपरा सांगते, की कली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली होती, दारावर प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला. हिरासुका पाटालीराच्या किंगरीच्या सुरांनी आतल्या मुलांत बळ आले, शिळा सरकली, आणि तिच्याखाली तो वादक मात्र चिरडला गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने कोया पुनेम शिकविला. ही शिकवणही गाण्यांतून आणि आचारांतून आली. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्यांनी ती विसाव्या शतकात लेखी मांडली. प्रत्येक गोत्राने एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड जपावयाचे, असा त्यात दंडक आहे.

एकदा वर्गानंतर एका गोंड विद्यार्थ्यापुढे आम्ही कैरीची फोड धरली. त्याने हात मागे घेतला. “घरी अजून पूजा झाली नाही, सर.” नवा आंबा, नवे मोहफूल, नवे धान्य पूर्वजांना दिल्याखेरीज तोंडात घालावयाचे नाही, एवढेच त्याने सांगितले आणि तो ओशाळला, जणू शहरात असे बोलणे बरे नव्हे. आम्हांला मात्र तालमूदमधील एक विचार आठवला: आशीर्वचन म्हटल्याविना जगातील काही उपभोगणे म्हणजे ईश्वराची चोरी. म्हणूनच ज्यू माणूस झाडाच्या फळासाठी एक, जमिनीच्या उपजेसाठी दुसरे, भाकरीसाठी तिसरे, सुगंधासाठी आणखी एक वचन म्हणतो; हंगामातील पहिल्या फळाला तर, हा दिवस पाहावयास जिवंत ठेवलेस, अशा अर्थाचे. खंडाळ्याला आणि घरोघरी नवसाच्या प्रसंगी बेने इस्राएल जो ‘मलिदा’ करतात, गोड पोहे, खोबरे, सुका मेवा आणि भोवती फळे, त्यातही एलियाहूचे गीत झाल्यावर ही निरनिराळी वचने म्हणून मगच खावयाचे असते.

आमचे एक मित्र म्हणतात, की दुसऱ्याच्या धर्मातून असे वेचे उचलणे म्हणजे बाजारात फिरणे झाले. आक्षेप वजनदार आहे. ज्यू धर्म स्वतः कोणाला बोलवीत नाही. इतरांसाठी तो नोहाचे सात नियम पुरेसे मानतो. शब्बाथ तर त्याने आपल्याच लोकांना दिलेला आहे. आम्ही शनिवार पाळीत नाही. पण आठवड्यातील एक दिवस उत्तरपत्रिका आणि दूरध्वनी दोन्ही बाजूला ठेवतो, त्याला कोणतेही नाव देत नाही, आणि जेवणाआधी क्षणभर थांबतो. शोकाच्या घरी गेलो तर बसतो. एवढी उसनवारी शेजारधर्मात बसते, असे आमचे मत आहे; मित्राला ते अजून पटलेले नाही, आणि हिल्लेल व शम्माय यांच्या पंथांचे न मिटलेले वाद आदराने जपणाऱ्या परंपरेविषयी बोलताना त्याला गप्प करणे शोभणारही नाही.

बेने इस्राएलांपैकी बहुतेक जण १९४८ नंतर इस्राएलला गेले. तेथे त्यांच्या विवाहांवरून धर्मपीठाने शंका काढल्या, आंदोलन झाले, आणि १९६४ साली ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे सरकारला जाहीर करावे लागले. ज्यांनी ग्रंथाविना शनिवार सांभाळला, त्यांना ग्रंथवाल्यांनी पुरावा मागितला. महाराष्ट्रात आता काही हजारच उरले आहेत. इस्राएलमधील घरांत मलिदा होतो, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तेथे निघाले, आणि खंडाळ्याचा कातळ दूर राहिल्यामुळे त्यांच्यातील अनेक जण एलियाहूच्या दर्शनाला हैफा शहरी, कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी जातात. तेथे एक गुहा आहे.