शिष्यांचे पाय धुणारा गुरू

गुरू म्हटला की शिष्यांनी त्याच्या पाया पडायचे, ही आपल्याकडे सर्वत्र दिसणारी रीत. ख्रिस्ती धर्मात मात्र याच्या उलट एक गोष्ट आहे.

येशूचे बारा शिष्य काही पंडित नव्हते. पेत्र, आंद्रिया, याकोब, योहान हे गालील सरोवरातले कोळी. मत्तय जकातदार, लोकांच्या रोषाचा धनी. योहानाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे, की शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठला, कमरेला रुमाल बांधला आणि या शिष्यांचे पाय धुऊ लागला. त्या काळी हे काम गुलामाचे. पेत्र आधी तयारच होईना.

मी दिवसभर हिशेब लिहिणारा कारकून. म्हणून माझे लक्ष थैली सांभाळणाऱ्या यहूदाकडे जाते. तो दगा देणार, हे येशूला ठाऊक होते. तरी त्याचेही पाय धुतले. मग सर्वांना सांगितले, की तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा. तुम्ही माझे दास नाही, मित्र आहात. ज्याला ख्रिस्ती लोक देवाचा पुत्र मानतात, त्याने हे केले. त्या नात्याचे मोल यातच आहे.

ईस्टरआधीच्या गुरुवारी चर्चमध्ये हा विधी होतो. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या अल्पवयीनांच्या तुरुंगात बारा कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते.

बंधुभगिनींनो, वर्षातून एकदा पाय धुणे सोपे. मंडळाचे काम करताना मी वर्षानुवर्षे पाहतो, सभा संपली की पुढारी गाडीत बसतो आणि सतरंज्या नेहमीचीच पोरे गुंडाळतात. ज्या दिवशी अध्यक्ष सतरंजीचे दुसरे टोक धरील, त्या दिवसापासून त्याला कार्यकर्ते शोधावे लागणार नाहीत.