बोंडूंच्या दिवसांत

शिगमा आटोपला की आमच्या सत्तरीच्या डोंगरउतारावर पिकल्या बोंडूंचा गंध दरवळू लागतो. हंगामातील पहिल्या काजूबिया देवीच्या पायांशी ठेवल्याखेरीज एकही बी विकायची नाही, हा आमच्या घरचा शिरस्ता. त्या बिया वेचणारे हात मात्र आमचे नसतात. हे माझ्या ध्यानात यायला एक आजार यावा लागला.

२०१६ सालच्या मार्चमधील ती गोष्ट. बागायतीच्या कडेला एक माकड मरून पडले. वानर म्हणजे मारुतिरायाचे रूप. आम्ही त्याला फुले वाहिली, नारळ ठेवला आणि विधिपूर्वक पुरले. कर्तव्य केल्याचे समाधान वाटले. पुढच्या आठवड्यात बिया वेचणारी बाय कामावर आली नाही. विचारपूस केली तेव्हा तिचा निरोप आला, "मातशें आंग दुखता, आनीक कांय ना." ते 'मातशें' म्हणजे फणफणता ताप आणि डोके फुटेल अशी वेदना! रक्त तपासल्यावर कळले, हा माकडताप.

१९५७ साली कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात हा रोग प्रथम ओळखला गेला. २०१५ साली तो सत्तरीत दिसला. त्याचा विषाणू गोचिडीच्या दंशाने माणसात शिरतो. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. त्यांची तिळाएवढी पिले उन्हाळ्याच्या महिन्यांत विपुल असतात, आणि बोंडू गळण्याचे दिवसही नेमके तेच. बिया वेचणे म्हणजे दिवसभर वाकून, उघड्या हातापायांनी पाचोळा चाळणे. या रोगावर खास औषध नाही. शंभर रुग्णांतील तीन ते पाच दगावतात. एका माणसापासून दुसऱ्याला तो होत नाही, एवढाच दिलासा.

बाय सुदैवाने बरी झाली. पण कित्येक आठवडे तिच्या अंगात बळ नव्हते. मेलेल्या वानराचा मान आम्ही राखला, आणि त्याच जागी वाकून काम करणाऱ्या जिवंत माणसाचा आम्हांला विसर पडला, ही रुखरुख मनातून जात नाही.

आता माकड मेलेले दिसले की आम्ही दुरूनच हात जोडतो आणि आरोग्य केंद्राला कळवतो. तेवढ्या भागातील काम थांबते, मजुरी थांबत नाही. कामावर येणाऱ्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल देतो. संध्याकाळी कढत पाण्याने स्नान करावे, कपडेही त्याच पाण्यात बुडवावेत, असे बजावतो.

देवीपुढच्या पहिल्या बिया हल्ली मी स्वतः वेचतो. ओंजळ भरेपर्यंत कंबर धरते, आणि नजर बियांपेक्षा पाचोळ्यावरच अधिक खिळते. बायने ही कंबर आणि ही भीती किती वर्षे निमूटपणे सोसली असेल!