देशांतर

‘देशांतर’ हा शब्द आपल्या शास्त्रांत दोन ठिकाणीं येतो. ज्योतिषांत उज्जयिनीच्या रेखेपासून पूर्वेस वा पश्चिमेस असलेलें अंतर म्हणजे देशांतर. धर्मशास्त्रांत आशौचाच्या प्रकरणीं दूरचा देश म्हणजे देशांतर. मध्यें महानदी वा पर्वत असावा, भाषा बदलावी, अथवा दहा रात्रींत वार्ता पोहोंचूं नये, अशीं त्याचीं लक्षणें सांगितलीं आहेत.

आमच्या वाघोलीहून लोहगांवचा विमानतळ अगदीं जवळ. परंतु माझा पुतण्या राहतो त्या सॅन फ्रान्सिस्कोस जावयाचें तर आम्ही आधीं मुंबई गांठतों. मुंबईपासून तें शहर आकाशमार्गानें सुमारें 13,500 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशांत रेघ ओढणाऱ्यास हा मार्ग महासागरावरून सरळ जातो असें वाटेल. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा, तो उत्तर ध्रुववृत्ताच्याहि आंत शिरतो. (गोल घरीं नसल्यास मोसंबें चालतें.) डिसेंबर 2022 मध्यें एअर इंडियानें मुंबईहून तेथें वाटेंत न थांबतां जाणारें विमान सुरू केलें, तेव्हां नुसतें उड्डाणच सोळा-सतरा तासांचें होतें. त्यांत वाघोली ते मुंबईचा रस्ता आणि विमानतळावर तीन तास तिष्ठणें मिळवावें. तिकिटावरचे तास निराळे, उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचे निराळे.

माझे वडील बंधु मार्गशीर्षांत पहाटें साडेपांचास वारले. मुलास तें क्षणांत कळलें. त्याच्याकडे आदल्या दिवसाचे दुपारचे चार वाजले होते. लंकेस सूर्योदय तेव्हां सिद्धपुरास सूर्यास्त, हें गोलाध्यायांतील भास्कराचार्यांचें म्हणणें मीं वर्गांत कितीदां तरी समजावून दिलें असेल. त्या दिवशीं तें घरांतच आलें.

थांबावें कीं न थांबावें? वहिनी म्हणाल्या, “त्याच्याविना अग्नि द्यावयाचा नाहीं.” फोनवर तोच म्हणाला, “काका, मला निदान दीड दिवस लागेल. धाकट्याकडून करवून घ्या.” मला तें योग्य वाटलें. ज्येष्ठ पुत्र जवळ नसतां कनिष्ठास अधिकार आहेच. वहिनींस मात्र माझीं वचनें पटलीं नाहींत. मुलाचा आवाज त्यांनीं स्वतः ऐकला, तेव्हां त्या उठल्या. थोरला तिसऱ्या दिवशीं अस्थिसंचयनास पोहोंचला. दहा रात्रींचें लक्षण त्यास लागूच पडेना, म्हणून सुतकहि आमच्याबरोबरच फिटलें.

परत निघतांना त्यानें विचारलें, “काका, दरसाल श्राद्ध कोणत्या दिवशीं करूं? तेथें तर तारीख आदली होती.” मीं सांगितलें, तिथि ही चंद्र-सूर्यांमधील अंतरावरून ठरते, आणि तें अंतर त्या क्षणीं वाघोलीस जें होतें तेंच अमेरिकेंत. तारखा दोन, तिथि एकच. तुझ्या गांवीं अपराह्णीं ती तिथि ज्या दिवशीं असेल तो दिवस धर, आणि त्यासाठीं तेथील पंचांग पाहा. त्यानें तें टिपून घेतलें. वहिनींनींहि दिनदर्शिकेवर दोन्ही गांवांच्या वेळा शेजारीं शेजारीं लिहून ठेविल्या आहेत.