आपाची रात्रीची कॅप्सूल

पाळी सुरू होताना आया मुलींशी दबक्या आवाजात का होईना, बोलतात. पाळी जाताना मात्र 'सुटलीस बाई' एवढंच. पुढचं ज्याचं त्यानं निस्तरायचं.

माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, अंगातून वाफा निघायच्या, रात्री उशी घामानं भिजायची. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून एचआरटी दिली. हातावर चोळायला इस्ट्रोजेनचा जेल आणि झोपताना प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. महिनाभरात आराम पडला, पण अधूनमधून डाग दिसू लागले. त्यात रमजान आला. नमाज होईल का, रोजा धरावा का, या घोळात आपानं परस्पर ठरवलं की जेल चालू आणि कॅप्सूल बंद. "आराम तर जेलनंच पडतो ना गं!"

तिचं अर्धं खरं होतं. वाफा कमी होतात त्या मुख्यतः इस्ट्रोजेनमुळे. पण तेच इस्ट्रोजेन पिशवीच्या आतलं अस्तर वाढवत राहतं. तरुणपणी बीज सुटल्यावर शरीर स्वतःच प्रोजेस्टेरॉन बनवतं आणि ही वाढ आवरतं. बाहेरून नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर आवरणारं कुणी उरत नाही. अस्तर जाड होत जातं, पुढे कर्करोगाचं भय. अमेरिकेत साठच्या दशकात तारुण्य टिकवायचं औषध म्हणून एकटं इस्ट्रोजेन धडाक्यात खपलं. १९७५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्याचा पिशवीच्या कर्करोगाशी संबंध दाखवणारे अभ्यास छापून आले. सोबत प्रोजेस्टेरॉन द्यायची रीत रुजली ती त्यानंतर.

पिशवी काढलेल्या बाईला सहसा ही कॅप्सूल लागत नाही. आपल्याकडे, बीडच्या ऊसतोड बायांपासून शहरातल्या शेजारणीपर्यंत, पिशवी काढलेल्या बाया कमी नाहीत. म्हणून एकीची चिठ्ठी दुसरीला चालत नाही. आणि हे औषध निर्धोक आहे, असंही नाही. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेनसोबत कृत्रिम प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत दर दहा हजार बायांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या आठ केसेस जास्त दिसल्या. किती वर्षं घ्यायचं, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

नमाजचा प्रश्नही खोटा नाही. कोणतं रक्त हैजचं आणि कोणतं इस्तिहाजाचं, हा मसला आलिमांना बेधडक विचारावा. इस्तिहाजात नमाज-रोजा सुटत नाही. पण कॅप्सूल थांबवायची की नाही, हा मसला डॉक्टरांचा. तिनं गुंगी येते म्हणून ती झोपतानाच घेतात, तेव्हा रोज्याशी तिचा संबंधच नाही. रोज कॅप्सूल घेणारीला सुरुवातीचे काही महिने डाग पडू शकतात. सहा महिन्यांनंतरही पडत राहिले तर तपासणी हवीच. महिन्यातले बारा-चौदा दिवसच घ्यायचीही पद्धत आहे. तीत पाळीसारखं रक्त बहुधा ठरल्या वेळी येतं.

यातलं काहीच आपाला कुणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर फक्त ०-०-१ लिहिलेलं.

ईदच्या आधी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. सोनोग्राफीत अस्तर मोजलं, कॅप्सूल पुन्हा सुरू झाली. रिक्षात आपा म्हणाली, "आपल्या मोहल्ल्यात अशा नुसत्या जेलवाल्या किती असतील गं?"