शंभर रुपयांच्या सेन्सरला काय दिसतं

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आमच्या ग्रुपने रडार करायचं ठरवलं, तेव्हा पहिली अट होती खर्च खिशाला झेपण्याची. पुण्याच्या तपकीर गल्लीत एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळाला. सोबत नऊ ग्रॅम वजनाची एसजी९० सर्वो मोटर, ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी घेतल्या. आर्डुइनो उनो लॅबमधून मिळाला.

हा सेन्सर ४० किलोहर्ट्झच्या ध्वनीचे आठ स्पंद सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट बघतो. जाऊन-येऊन लागलेला वेळ मायक्रोसेकंदांत मोजायचा, त्याला ५८ ने भागायचं, की अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं. मोटर सेन्सरला फिरवत राहते आणि लॅपटॉपवर हिरवी रेघ सरकते. समोर काही आलं की ती तिथून पुढे लाल होते. मोटर झटक्यात वळली की आर्डुइनो रिसेट व्हायचा. तिला वेगळा सप्लाय दिला, दोन्हींचे ग्राउंड जोडले आणि तो त्रास मिटला.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. पुठ्ठा सरळ धरला की लाल रेघ ठसठशीत यायची. तोच तिरका केला की गायब! ध्वनी परावर्तित होऊन भलतीकडे निघून जात होता. लोकरीचं कापड तर तो शोषूनच घ्यायचं. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बाटल्यांचा एकच रुंद पट्टा दिसायचा, कारण सेन्सरचा झोतच साधारण १५ अंश रुंद. आणि तो ५८ चा आकडा? तो २०-२५ अंश तापमानाच्या खोलीसाठी आहे. हवा एक अंशाने तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो. चाळीस अंशांच्या दुपारी दोन मीटरवरची भिंत पाच-सहा सेंटिमीटर जवळ दिसते. आम्ही तापमानाचा सेन्सर जोडून कोडमध्ये ती दुरुस्ती केली. मला स्वतःला सगळ्या प्रोजेक्टमध्ये हा भाग सर्वांत आवडला.

मग सरांनी विचारलं, ध्वनीऐवजी रेडिओलहरी का नाहीत? गणित मांडलं. उनोचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं, म्हणजे एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा. तेवढ्यात रेडिओलहर जवळजवळ १९ मीटर जाते. लॅबमधल्या टेबलावरून भिंतीपर्यंत जाऊन परत यायला तिला एक ठोकाही लागत नाही. अशा घड्याळाने अंतर मोजणार कसं? वेग मात्र मोजता येतो. १०.५२५ गिगाहर्ट्झचं एचबी१०० हे डॉप्लर मॉड्यूल आणलं. त्याचा सिग्नल फार क्षीण, म्हणून एलएम३५८ चा अ‍ॅम्प्लिफायर लावला. समोरून येणाऱ्याच्या ताशी १ किलोमीटर वेगाला साधारण १९.५ हर्ट्झ मिळतात. माणूस ताशी ५ किलोमीटरने चालत आला की ९७ च्या आसपास. पडद्यामागून चालणारा माणूसही त्याला कळतो. पण तोच स्तब्ध उभा राहिला की सिग्नल जवळपास नाहीसा होतो. ध्वनीच्या सेन्सरचं नेमकं उलट: उभी वस्तू त्याला कळते, पडद्यापलीकडची नाही. म्हणून आम्ही दोन्ही एकाच डब्यात बसवले.

हा प्रोजेक्ट दरवर्षी कितीतरी कॉलेजांत होतो. करणाऱ्यांना एकच विनंती: सरळ धरलेल्या पुठ्ठ्यावर डेमो संपवू नका. तिरका पुठ्ठा, लोकर, पडदा, भर दुपारची गच्ची, सगळं समोर आणा आणि यंत्राला जे दिसलं नाही त्याचा तक्ता रिपोर्टमध्ये द्या.